मानाची राख

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा सोनखुट्याच्या टेकडीवर पानांपेक्षा बिबे जास्त लागत. फार वर्षांपूर्वीची. किती वर्षं, ते मोजायला कोणी बसलं नाही. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला ती तिच्या आजीनं सांगितली, आणि त्या आजीनंही ती बिबे फोडता फोडता कोणाकडून तरी ऐकलेलीच होती. पुरुषांनी ही गोष्ट सांगितल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

ज्यांनी बिबा पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं. बिब्याच्या झाडाला नारिंगी, मऊ बोंड येतं आणि त्या बोंडाच्या टोकाला काळं, चपटं, भुंग्यासारखं चकचकीत बी लटकतं. तो बिबा. तो फोडला की आतून पांढरी गोडंबी निघते, बदामासारखी गोड. पण गोडंबीच्या आणि आपल्या मध्ये असतं बिब्याचं तेल. काळं, चिकट. ते अंगाला लागलं तर आधी काहीच होत नाही. माणूस विसरूनसुद्धा जातो. मग एका दिवसानं खाज सुटते, दोन दिवसांनी कातडी लाल होऊन सुजते, आणि तिसऱ्या दिवशी हरभऱ्याएवढे फोड येऊन त्यातून पाणी गळू लागतं. याला म्हणतात बिबा उतणं. तेलकट बोट चुकून डोळ्याला लागलं तर डोळा मिटतो, तोंडाला लागलं तर तोंड भोपळ्याएवढं होतं.

सोनखुट्यात माघापासून चैत्रापर्यंत बिबे फोडायचं काम चाले. फोडायच्या बायका. गोडंबीचे लाडू खायचे पारावर बसणारे. एका लाडवाला किती हात सोलले जातात हे त्यांना कधी कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

बायकांनी आपल्यापुरता एक मार्ग शोधून काढला होता. फोडायला बसण्याआधी तिळाचं तेल कोपरापर्यंत चोळायचं. त्यावर चुलीतली राख कापडातून चाळून घ्यायची आणि हात चुना फासलेल्या भिंतीसारखे पांढरे होईस्तोवर चोळायची. मग दगडाला हात लावायचा. तरी कधी उतायचंच, पण कमी उतायचं. सोनखुट्याच्या घराघरांत नव्या सुनेला पहिला धडा हाच मिळे : हात आधी, बिबा मग. याला कोणी विद्या म्हणालं नाही. बायकांची सवय, म्हणाले.

त्या गावात सकवार नावाची सून होती. सुभानबुवांची थोरली सून. चौदाव्या वर्षी ती या घरात आली, आणि तिच्या सासूनं, भिवरानं, तिला पहिल्या दिवशी चुलीपाशी नाही नेलं, दगडापाशी नेलं. भिवरा फार बोलत नसे. सुनेचे हात स्वतःच्या मांडीवर घेऊन तिनं तेल चोळलं, राख चोळली आणि म्हणाली, "हात आधी, बिबा मग. काही इसरलीस तरी हे इसरू नको, माय."

सकवार ते विसरली नाही. दुसरी एक गोष्टही ती विसरली नाही, आणि इथून पुढची सगळी गोष्ट त्या दुसऱ्या गोष्टीची आहे.

सोनखुट्यात न्याय करायची एक रीत होती. गावात चोरी झाली, कोणावर आळ आला, तर तीन पंच पारावर बसत. हैबती पाटील, देवीचे पुजारी भिकाजी गुरव आणि सुभानबुवा. सुभानबुवांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एक पितळी डबी होती. तिला साक्षीची डबी म्हणत. त्या डबीत बिब्याचं तेल असे. ज्याच्यावर आळ, त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी सगळ्यात पातळ असते तिथे, त्या तेलाचा एक थेंब ठेवायचा. तिसऱ्या दिवशी मनगट बघायचं. फोड आला तर चोर. नाही आला तर साव.

"बिबा खोटं बोलत नाही," सुभानबुवा म्हणत. आणि गाव मान डोलवी.

ज्याला फोड आला त्याच्या कपाळावर त्याच तेलाची खूण करत आणि त्याला नाल्यापलीकडे काढून देत. ज्याला म्हटलं खरं, पण जिला म्हणायला हवं. नाल्यापलीकडे गेल्या त्या सगळ्या बायकाच होत्या.

पाटलाच्या किंवा मानाच्या कोणत्याही घरातल्या पुरुषाला मात्र सात पिढ्यांत कधी फोड आला नव्हता. एकदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, पाटलाच्या पुतण्यावर बैल पळवल्याचा आळ आला. थेंब ठेवला, तिसऱ्या दिवशी मनगट स्वच्छ. महिन्याभरानं तोच बैल, तीच घुंगरमाळ गळ्यात घालून, पुतण्याच्या सासुरवाडीला दावणीत बांधलेला सापडला. गावानं काय ठरवावं? बैल स्वतःच्या पायांनी चालत गेला असेल. कारण बिबा खोटं बोलत नाही.

सकवार सोळा वर्षांची असताना पाटलाच्या घरून गुळाची ढेप नाहीशी झाली. त्या दिवशी भिवरा पाटलाच्या अंगणात गोडंबी पोचवायला गेली होती. एवढंच. तिच्या मनगटावर थेंब ठेवला तो तिच्या स्वतःच्या नवऱ्यानं, सुभानबुवांनी. हातांना आधीच महिनाभराच्या बिब्यांनी भेगा पडलेल्या. तिसऱ्या दिवशी द्राक्षांसारखे फोड आले. सुभानबुवांनी बोटाला फडकं गुंडाळून, आपल्या बोटाला काही होऊ नये म्हणून फडकं गुंडाळून, बायकोच्या कपाळावर खूण केली.

भिवरा रडली नाही. नाल्याच्या काठावर ती एकदाच मागे वळली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही. सुनेकडे पाहून म्हणाली, "हात आधी, बिबा मग." आणि पाण्यात उतरली. ती पुन्हा कोणाला दिसली नाही, असं म्हणतात.

सकवार तिथे पदर तोंडात कोंबून उभी होती. ती काहीही बोलली नव्हती. लोक म्हणतात की तिला पंचांचा राग होता. होताच. पण त्याआधी तिला त्या पदराचा राग होता. आठ वर्षं तो राग तिनं चुलीतल्या निखाऱ्यासारखा राखेखाली जपून ठेवला. घरात भिवराचं नाव कोणी घेत नसे. सुभानबुवा जेवायला बसले की सकवार त्यांच्या ताटात लाडू वाढी, आणि तो लाडू ते कसे गिळतात हे बघत उभी राही.

आठ वर्षांनी, त्या बैलाच्या आखाजीच्या थोडं आधी, धाकट्या दिराचं लग्न झालं आणि ठमी घरात आली. तेरा-चौदा वर्षांची, किडकिडीत, आणि हसायला लागली की थांबता न येणारी. गावात जी सून सगळ्यात नवी, तिनं देवीचं देऊळ झाडायचं, अशी रीत. ठमी रोज सकाळी देऊळ झाडी आणि नंतर येऊन सकवारच्या शेजारी दगडापाशी बसे. तिचे हात सकवारनं आपल्या मांडीवर घेतले होते. तेल चोळलं होतं. राख चोळली होती.

माघाच्या पौर्णिमेला गुरवानं देवीला नवा शेंदूर चढवला. दुसऱ्या दिवशी देवीचे चांदीचे डोळे जागेवर नव्हते.

मग आणखी काय हवं? देऊळ कोण झाडतं? ठमी. माहेर कोणाचं गरीब? ठमीचं. फिदीफिदी कोण हसतं? ठमी. पारावर बसल्या बसल्या तिघांनी ठरवलं, उद्या सकाळी डबी आणायची.

त्या दुपारी दोघी जावा दगडापाशी बसल्या होत्या. ठमी रडून रडून दमली होती. आणि ती पोर अशी होती की रडताना मध्येच तिला काहीतरी आठवून हसू येई.

"बाई," ती सकवारला म्हणाली, "मले जर फोड आला तर माझी माय मरन."

"फोड कोणाले येतो, कोणाले नाही, मले काय ठाऊक," सकवार म्हणाली. "पाटलाच्या पुतण्याले नाही आला."

ठमीनं नाक पुसलं आणि तिला हसू आलं. "त्याचं तर गुरवबाबानं किती कवतिक केलं. मी देवळात कोपऱ्यात झाडत होती. त्यांनी समईतलं तेल घेतलं आणि याच्या मनगटाले चोळलं. मग देवीच्या धुनीतली राख घेतली, तेही चोळली. मले वाटलं, आता याले घेऊन बिबे फोडायले बसतात का काय!"

सकवारचा दगड हवेत होता. तो हवेतच राहिला.

"काय चोळलं?"

"तेल. मग राख. तो मान असते म्हणे, बाई. मानाच्या घरच्यालेच देतात. आपल्यासारखीले नाही."

असं म्हणतात की त्या क्षणी टेकडीवरचा वारा थांबला. सकवारच्या डोळ्यांपुढे सात पिढ्यांची मनगटं उभी राहिली. सात पिढ्या. तेल आणि राख. बायका अंगणात बसून करत तेव्हा ती सवय होती, देवळात पुरुषांनी केली तेव्हा तो मान होता. मान देताना देवळात बायका सहसा नसत, आणि थेंब ठेवताना त्यांनी पाराकडे पाठ करून उभं राहायचं, अशीही रीत होती. म्हणून त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. आणि ज्यांनी पाहिलं, त्यांनी जन्मात बिबा फोडला नव्हता. त्यांना ठाऊकच नव्हतं की ते काय करतात!

लबाडी असती तर परवडली असती. लबाड माणूस मनातून भीत तरी असतो. हे तिघं भीत नव्हते. आपली कातडी पुण्याची आहे असं त्यांना खरोखर वाटत होतं.

सकवारनं दगड खाली ठेवला. "रडू नको," ती ठमीला म्हणाली. "आज माझ्या तोंडात पदर नाही."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव पारापाशी जमलं. पुरुष वर, बायका खाली, पाठ करून. सुभानबुवांनी डबी उघडली. इतक्यात सकवार आली. एका हातात तिचा बिबे फोडायचा दगड, दुसऱ्या हातात एक झाकलेली परात. तिनं पाठ केली नाही.

हैबती पाटील म्हणाले, "सूनबाई, बायकांनी पाराखाली उभं राहावं."

"खालीच हाव, पाटील. पार उंच बांधला तुम्ही, त्याले मी काय करू?"

बायकांमधून कोणीतरी खुदकन हसलं. पाटलांच्या कपाळावर आठी आली.

सकवार सासऱ्यांकडे वळली. "मामाजी, बिबा खोटं बोलत नाही ना?"

"नाही बोलत."

"कोणाशीच नाही?"

"कोणाशीच नाही."

"मग मले एक सांगा. पुनवेच्या दिवशी देवळात कोण कोण गेलं होतं?"

गुरव म्हणाला, "मी. मी रोजच जातो. शेंदूर काय तू चढवला?"

"आणि पाटील?"

"आरतीले गेलो होतो," पाटील म्हणाले.

"आणि मामाजी, तुम्ही?"

सुभानबुवा म्हणाले, "हाव. गेलो होतो."

"आणि ठमी झाडायले. म्हणजे झाले चार. मग एकीच्याच मनगटाले काऊन विचारता? चौघांच्याही मनगटाले विचारा. बिबा सांगन."

पाटील मोठ्यानं हसले. त्यांच्या हसण्यावर पारावरचे सगळे हसले, तशी रीतच होती. "अवं, आमच्या घराण्यात सात पिढ्यांत फोड आला नाही! काढा रे डबी. ठेव सुभाना थेंब. भिकाजी, घ्या तेल-राख."

"तेल-राख नाही," सकवार म्हणाली.

गुरव उसळला. "तो मान हाय!"

"मान हाय का औषध हाय?"

गुरवानं पाटलांकडे पाहिलं, पाटलांनी सुभानबुवांकडे. सुभानबुवा संतापून म्हणाले, "मान हाय! औषध म्हणणाऱ्याची जीभ झडो!"

"मग झालं," सकवार म्हणाली. "औषध नाही, तर त्याच्यावाचून तुमचं काही बिघडत नाही. आणि मान दुसऱ्याले दिला म्हणून मान सरत नाही. आजच्या दिवस तुमचा मान ठमीले द्या. तुम्ही तिघं कोरडे बसा."

मग भागिरथी नावाची एक म्हातारी, जिच्या दोन्ही हातांची बोटं बिब्यांनी वाकडी झाली होती, सावकाश पाराकडे वळली. "द्या की, पाटील," ती म्हणाली. "लेकरू हाय." तिच्या शेजारची वळली. मग तिच्या शेजारची. सोनखुट्याच्या बायकांनी पाराकडे तोंड केलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, असं म्हणतात. आणि मागे उभे असलेले पुरुषही कुजबुजू लागले की बिबा खोटं बोलत नाही म्हणता, मग भ्यायचं कशाले?

पाटील अडकले. ज्या गोष्टीवर सात पिढ्या बसले होते, त्याच गोष्टीत अडकले. त्यांनी बाही वर केली.

सकवारनं परातीवरचं फडकं काढलं. आत तेलाची बुधली आणि चाळलेली राख. तिनं परात गुरवापुढे धरली. "हात तुमचा. मान तुम्हीच द्यायचा असते." गुरवानं तोंड वाकडं करून ठमीच्या मनगटाला तेल चोळलं, राख चोळली. ठमीला गुदगुल्या झाल्या. तिनं ओठ दाताखाली दाबून ठेवले.

चार थेंब पडले. सुभानबुवा डबी मिटायला लागले, तेव्हा सकवारनं आपलं कोरडं मनगट पुढे केलं. "पाचवा."

"तू कायले?" सुभानबुवा म्हणाले. "तू देवळात गेलीच नव्हती."

"म्हणूनच ठेवा."

पुढचे तीन दिवस कसे गेले ते सोनखुट्यात अजून रंगवून रंगवून सांगतात. पहिल्या दिवशी पाटील पारावर बसून गोडंबीचे लाडू खात होते आणि येईल त्याला मनगट दाखवत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना खाज सुटली. त्यांनी नखांनी खाजवलं, मग दाराच्या चौकटीला घासलं, मग गोठ्यात जाऊन म्हशी ज्या खांबाला अंग घासतात त्या खांबाला घासलं. म्हशी बाजूला झाल्या, असं म्हणतात. संध्याकाळपर्यंत हात मृदंगासारखा फुगला आणि त्याला हात म्हणायचं की काय म्हणायचं ते घरच्यांना कळेना. गुरवानं झोपेत मनगट खाजवून तीच बोटं डोळ्यांना लावली होती. त्याचे दोन्ही डोळे असे मिटले की त्याला देऊळ कुठल्या बाजूला आहे ते विचारावं लागलं.

सुभानबुवांनी मात्र खाजवलं नाही. अंगणात जिथे भिवरा बिबे फोडायला बसायची, तिथे ते दोन दिवस मनगटाकडे बघत बसून होते. त्यांना पाणी द्यायला कोणी गेलं नाही. सकवार तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक पान हलत नव्हतं. आणि एकाएकी टेकडीवरच्या झाडांवरून सगळे पिकले बिबे एका दमात खाली पडले. गारा पडाव्यात तसा आवाज झाला. ते बिबे उतारावरून घरंगळत, शेतांतून, गल्ल्यांतून येत येत पारापाशी येऊन थांबले. काळ्या बिब्यांचा गालिचा पारापुढे पसरला होता, असं म्हणतात. त्यावरून चालत पंच आले.

"दाखवा," सकवार म्हणाली.

ठमीचं मनगट स्वच्छ होतं. पाटलांचं मनगट दाखवायची गरज नव्हती, ते लांबूनच दिसत होतं. गुरवाला हाताला धरून आणलं होतं. सुभानबुवांनी स्वतःच हात पुढे केला, कोपरापर्यंत फोड.

"बोला मामाजी. बिबा काय म्हणते?"

पाटील कण्हत म्हणाले, "हा देवीचा कोप हाय." आणि डोळे मिटलेल्या गुरवाला एकदम युक्ती सुचली. तो चाचपडत पुढे झाला आणि जमिनीवर आडवा पडला. "देवी आली! सूनबाईच्या अंगात देवी आली! आई, चुकलो!" पारावरचे सगळे पटापट वाकू लागले. पाटीलसुद्धा.

तेव्हा सकवार जी संतापली, तशी ती आधी कधीच संतापली नव्हती.

"उठा!" ती ओरडली. "पाया पडू नका. पाया पडलं का ऐकावं लागत नाही, म्हणून पडता तुम्ही! हे बघा!"

तिनं आपलं मनगट वर केलं. तेही सुजलं होतं. तेही फोडांनी भरलं होतं.

"मी देवळात पाय ठेवला नव्हता. मले माहीत हाय, तुम्हाले माहीत हाय. तरी मले उतला. तुम्हीही डोळे चोरले नसतील. तुम्हालेही उतला. आणि हिले नाही उतला, कारण हिच्या हाताले तेल होतं, राख होती. बिब्याले चोर कळत नाही. बिब्याले पुण्य कळत नाही. त्याले कातडी कळते! उघडी कातडी! आणि तुम्ही सात पिढ्या उघडी कातडी पाहून पाहून माणसं काढून दिली."

कोणीतरी मागून म्हणालं, "मग देवीचे डोळे गेले कुठे?"

सकवारनं गुरवाकडे पाहिलं. तो मिटल्या डोळ्यांनी भलत्याच दिशेला हात जोडून बसला होता. ती जरा वेळ बघतच राहिली.

"बाबा," तिनं विचारलं, "डोळे उघडे होते, तेव्हा तरी तुम्हाले किती दिसत होतं?"

गुरवाची बायको खाली उभी होती. ती चटकन म्हणाली, "काही नाही! दोन वर्षं झाले, भाकर समजून पोळपाट उचलते हा माणूस!"

सकवार देवळाच्या पायऱ्या चढली. नव्या सुनेची झाडायची पाळी संपल्यापासून पहिल्यांदा. पुढे काय झालं ते दोन तऱ्हांनी सांगतात. पारावरचे म्हणतात की तिला पाहताच देवीनं आपली शेंदराची खोळ स्वतःहून टाकली. बायका म्हणतात की तिनं हातातला दगड उचलला आणि बिबा फोडावा तसा एकच घाव घातला. काही असो, शंभर वर्षांच्या शेंदराचं वरचं पुट तडकलं, ढलपी ढलपी होऊन खाली आलं, आणि त्याच्याखाली चांदीचे दोन डोळे होते. जागच्या जागी. गुरवानं त्यांच्यावरच शेंदूर फासला होता.

देवी इतके दिवस तिथेच होती आणि तिला काही दिसत नव्हतं.

सकवार पायरीवर येऊन उभी राहिली. आता ती ओरडली नाही. "किती जणी होत्या?" तिनं विचारलं.

तेव्हा भागिरथी म्हातारीनं नावं घ्यायला सुरुवात केली. चंद्रभागा. तिची बहीण राही. गवळ्याची सोनकी. लग्नानंतर तीन महिन्यांत काढून दिली ती येसाई. पाटलाच्याच घरातली एक मुकी सून, जिचं नाव कोणाला आठवेना, आणि ती स्वतः सांगू शकली नव्हती. एकेक नाव. भागिरथी दहापर्यंत आली आणि थांबली.

"भिवरा," सुभानबुवा म्हणाले. आठ वर्षांत पहिल्यांदा.

ते पायरीपाशी आले आणि त्यांनी सुनेपुढे डबी धरली. "मी तिच्या कपाळावर," ते म्हणू लागले, "मी या बोटानं…"

"फडकं गुंडाळलं होतं तुम्ही," सकवार म्हणाली. "मले दिसत होतं."

यापुढे ती त्यांच्याशी एक शब्दही बोलली नाही. तिनं त्यांना माफ केलं असं काही लोक सांगतात. ते तसं सांगणारांना बरं वाटतं म्हणून सांगतात.

तिनं डबी घेतली नाही. परातीतली उरलेली राख एका फडक्यात बांधली, तेलाची बुधली कमरेला खोचली, आपला दगड ठमीच्या हातात दिला आणि नाल्याकडे चालायला लागली. ठमी रडत मागे धावली. "बाई, कुठे निघाली व?"

"अकरा जणी हायत," सकवार म्हणाली. "त्यांच्या हाताले कोणी तेल लावलं नसन."

ती नाल्यात उतरली तेव्हा पाणी दोन बाजूंना सरलं, असं म्हणतात. ती अकरा जणींना शोधत गावोगाव फिरली, असंही म्हणतात. पलीकडच्या डोंगरात भिवरा तिला सापडली आणि माघात अजून तिकडून दोन दगडांचा आवाज येतो, असं म्हणणारेही आहेत. ती परत आली असं मात्र कोणीच म्हणत नाही.

सोनखुट्यात सकवारचं देऊळ नाही. पाटलाच्या नातवांनी एकदा बांधायला काढलं होतं. ठमी तेव्हा म्हातारी झाली होती. तिनं गावातल्या सुना जमवल्या आणि विटा एकेक करून नाल्यात टाकल्या. टाकताना ती हसत होती आणि तिला थांबता येत नव्हतं, असं म्हणतात. देऊळ नाही, पण दगड आहे. तो पारावर ठेवलेला आहे. त्याला शेंदूर लावायचा नाही, फुलं वाहायची नाहीत.

आणि अजून, दर वर्षी माघी पौर्णिमेनंतर, पहिला बिबा फोडायच्या आधी, सगळं गाव पारापाशी जमतं. बायका वर बसतात, पुरुष खाली. पाटलाच्या घरातला जो सगळ्यात वडील पुरुष असेल तो तेलाची वाटी आणि चाळलेली राख घेऊन पायऱ्या चढतो आणि बिबे फोडणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातांना कोपरापर्यंत तेल चोळतो, राख चोळतो. जी सून सगळ्यात नवी, तिच्यापासून सुरुवात. म्हातारे कुरकुरतात. गुडघे दुखतात म्हणतात, कंबर धरली म्हणतात, जुन्या रीती आता कशाला म्हणतात. त्यांचं कोणी ऐकत नाही. वर्षभरात कधी भांडणात एखाद्यानं चुकून म्हटलं, की बिबा खोटं बोलत नाही, तर शेजारची कोणीतरी सून शांतपणे विचारते, "बाबा, मनगट काढता का?"

सगळ्यांचे हात पांढरे झाले की नावं घेतात. अकरा. प्रत्येक नावानंतर थांबतात, नाल्यापलीकडून कोणी हाक दिली तर ऐकू यावी इतका वेळ. मुक्या सुनेला नाव नाही, म्हणून तिच्या पाळीला नुसतंच थांबतात. आणि तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबतात. शेवटी भिवरा म्हणतात आणि सगळं गाव नाल्याकडे बघतं.

अजून कोणी हाक दिलेली नाही.

मग सगळ्यात नवी सून पारावरचा दगड उचलते आणि मोठ्यानं म्हणते, "हात आधी!" आणि खाली उभ्या असलेल्या पुरुषांनी, एकूण एक पुरुषांनी, म्हणायचं असतं, "बिबा मग." ते नीट ऐकू आलं नाही, तर ती दगड खाली आणत नाही. पुन्हा म्हणायला लावते.